दोन बोटं उंच

नवी सीट दोन बोटं उंच ठेवायची. हे मला कोणी शिकवलं ते आता आठवत नाही, पण छत्तीस वर्षं मी गाड्यांच्या सीटा शिवतोय आणि एकही सीट मापात भरून दिलेली नाही. मापात दिली की सहा महिन्यांत तिचा खड्डा होतो. फोम दबतो, फोमखालचा काथ्या दबतो, रेक्झिन सैल पडतं, आणि मग गिऱ्हाईक कुरकुरत येतं की बुडाला पत्रा लागतोय. म्हणून दोन बोटं जास्त भरायचं, करकचून ताणायचं आणि सांगायचं, बसेल. चार दिवस गाडी चालवली की बसतेच. यात न कळण्यासारखं काय आहे? पण गिऱ्हाइकाला कळेल तर ते गिऱ्हाईक कसलं.

सगळ्यांत वाईट गिऱ्हाईक हळूराव. तीस वर्षं टॅक्सी चालवली, पण काटा चाळीसच्या वर कधी नेला नाही. घाईतली माणसं मध्येच उतरून म्हणायची, राहू दे बाबा, मी चालत जातो. दर तीन वर्षांनी तो सीटा नव्या करायला माझ्याकडे यायचा. रेक्झिन डाळिंबी, कडेच्या शिवणीवर मोतिया गोट, दुसरा रंग दाखवला तरी बघायचा नाही. काम झालं की आत बसायचा, कोपर खिडकीबाहेर काढायचा, दाराकडे कलायचा आणि म्हणायचा, उंच झालीये. मी म्हणायचो, बसेल. तो म्हणायचा, डोकं छताला लागतंय. मी म्हणायचो, टोपी काढ. मग तो पंधरा दिवस तोंड फुगवून असायचा, आणि सोळाव्या दिवशी दुपारी चारला चहाला हजर. सीटचा विषय नाही. म्हणजे सीट बसलेली असायची. पण तसं त्याने एकदाही कबूल केलं नाही, आणि मीही कधी विचारलं नाही. चारचा चहा मात्र तीस वर्षांत चुकला नाही.

मला लोक टाचणी म्हणतात. काम करताना ओठांत टाचण्या धरायची सवय आहे, त्यावरून. बायकोचं म्हणणं, कारण वेगळं आहे, कारण टाचण्या तोंडात नसल्या तरी लोक तेच म्हणतात.

तर दोन वर्षांपूर्वी हळूराव दुकानात आला तो थेट पायरीवरच आला. गाडीसकट. पुढचं चाक पायरीवर चढलं आणि माझ्या लाकडी स्टुलाचा चुराडा झाला. त्या स्टुलावरून मी दोनच मिनिटांपूर्वी कात्री आणायला उठलो होतो. हळूराव शांतपणे खाली उतरला आणि त्याने विचारलं, पायरी पुढे आणलीस की काय? मी म्हटलं, हो, तुझ्या स्वागताला. तो हसला, आत आला, रेक्झिनच्या गुंडाळ्यांवरून हात फिरवत एका गुंडाळीवर थाप मारून म्हणाला, हा बघ आपला डाळिंबी. त्याचा हात चॉकलेटी गुंडाळीवर होता.

मी काही बोललो नाही. ज्या तोंडाने मी अख्ख्या बाजाराला फाडून खातो, ते तोंड त्या दिवशी शिवल्यासारखं मिटलं. तो गेल्यावर मी त्याच्या लेकीला फोन केला आणि सगळं सांगितलं, स्टूल आणि चॉकलेटी. तिने त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, नजरेच्या मधलं गेलंय, कडेचं तेवढं राहिलंय, आणि गेलेलं परत यायचं नाही. लेकीने किल्ल्या स्वतःच्या पर्समध्ये टाकल्या. दोन महिन्यांनी टॅक्सी भंगारात गेली. आतल्या सीटा माझ्या होत्या, चांगल्या बसलेल्या.

फोन कोणी केला हे हळूरावाला कळलं आणि त्याने माझं नाव टाकलं. चौदा महिने. मी चारदा त्याच्या घरी गेलो. पहिल्या खेपेला त्याने तोंड फिरवलं, तेव्हा मला वाटलं, कडेच्या नजरेने मला बघतोय, आणि मी वेड्यासारखा हसलो. तो बघत नव्हता. दुसऱ्या खेपेला त्याने लेकीला आतून सांगितलं की मी झोपलोय म्हणून सांग, आणि ते इतक्या मोठ्याने सांगितलं की जिन्यापर्यंत ऐकू आलं. तिसऱ्यांदाही झोपलेलाच होता. चौथ्यांदा दार उघडलं नाही.

बायको म्हणायची, तुम्ही बरोबर केलंत, उद्या कोणी चाकाखाली आलं असतं. ते मलाही कळत होतं. पण चार वाजले की मी सवयीने दोन कप काढायचो आणि मग त्या दुसऱ्या कपावरच चिडायचो. मला माझा माणूस परत हवा होता. बास, एवढंच हवं होतं, आणि ते कसं मिळवायचं हे काही सुचत नव्हतं.

आता जावयांबद्दल सांगतो. माझे जावई दात करतात. दातांचे डॉक्टर लोकांच्या जबड्याचे साचे पाठवतात, त्यावरून जावई आणि त्यांच्या हाताखालची माणसं कवळ्या बनवतात. अतिशय शांत माणूस. माझी लेक म्हणते, ह्यांना राग म्हणून येत नाही. ते तिने दर वेळी माझ्याकडे बघून म्हणायची काही गरज नाही, पण म्हणते.

ह्या जावयांना छोट्या गाड्यांचा नाद. खेळण्यातल्या नव्हेत. खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्श्याएवढ्या, जेमतेम वीतभर, सुटे भाग आणून जोडायच्या, रंगवायच्या, दिव्यांच्या काचासुद्धा लावायच्या. रविवारी दोघं आमच्याकडे जेवायला येतात तेव्हा जावई हातातलं काम डब्यात घालून आणतात. मी त्यात कधी लक्ष घातलं नव्हतं. जावयाच्या छंदाला नावं ठेवू नयेत एवढी अक्कल मला आहे. ती ऐन वेळी कुठे जाते ते माहीत नाही.

एका रविवारी त्यांनी डब्यातून गाडी काढली आणि माझा घासच अडकला. तीच गाडी. गोल नाकाची, पुढे एकच सलग बाकासारखी सीट असलेली, हळूरावाची होती तीच. हात धुऊन चष्मा लावला आणि खिडकीतून आत बघितलं. आत काळ्या प्लास्टिकचा एक ठोकळा. मी म्हटलं, जावईबापू, बाहेरून गाडी आहे, पण आत साबणाची डबी ठेवलीत की हो. ते म्हणाले, आत कोणी बघत नाही, बाबा. मी म्हटलं, का, लोक गाडीच्या टपावर बसतात? स्वयंपाकघरातून बायको खाकरली. जावयाचा अपमान होतोय असं वाटलं की ती खाकरते. पण जावयांना काही वाटलं नाही. उलट म्हणाले, मग तुम्हीच शिकवा आतलं कसं करायचं ते.

आणि मी बोलून गेलो की करतो, पण ही गाडी हळूरावाची करायची. डाळिंबी सीट, मोतिया गोट, आणि तो दाराकडे कलून बसायचा तिथला खळगासुद्धा. करून त्याला नेऊन द्यायची.

बायको पदराला हात पुसत बाहेर आली.

"अहो, त्या माणसाला दिसत नाही," ती म्हणाली. "त्याला खेळणं दाखवायला नेणार तुम्ही?"

मला तिचा भयंकर राग आला, कारण ती बरोबर होती. तरी मी म्हटलं, दाखवायला नाही, बोट लावायला. त्या बाबाने तीस वर्षांत माझी सीट डोळ्यांनी कधी बघितली होती? बसून बघायचा. आता बूड मावणार नाही, पण बोट मावेल. हे बोलता बोलता मलाच पटत गेलं. मग ठरलंच. रंगाने सीट वठवायची नाही, ती बोटाला सीटसारखी लागली पाहिजे.

पुढच्या रविवारी मी दुकानातलं सगळ्यात पातळ डाळिंबी रेक्झिन घेऊन बसलो. जावयांनी त्यांच्या कवळ्या मोजायच्या चिमट्यात ते धरलं, मनात हिशोब केला आणि अदबीने सांगितलं की बाबा, खऱ्या गाडीत हे गादीएवढं जाड झालं असतं. मी बारीकात बारीक सुईने टाका घातला. ते म्हणाले, हा दोरा म्हणजे विहिरीचा दोर झाला. मी टाचणी टोचली, तर ती पहार निघाली. माझ्या भुवईचा एक केस सीटवर पडला, तो त्यांनी चिमट्याने उचलला आणि खऱ्या मापात तो केवढा झाला असता तेही सांगायला लागले. मी म्हटलं, जावईबापू, सासऱ्याच्या प्रत्येक गोष्टीचं माप काढलंच पाहिजे असं नाही. बायको खाकरली.

दोन रविवार असेच वाया गेले. मी पातळ कातडी शोधत बाजार पालथा घातला. हातरुमालाचं कापड झालं, पिशव्यांचं अस्तर झालं, बायकोच्या पर्सचा आतला कप्पा झाला, त्यावर दोन दिवस अबोला झाला. तिसऱ्या रविवारी जावई कामावरून परस्पर आले आणि त्यांनी हातातले ते पातळ रबरी मोजे काढून टेबलावर टाकले. मी ते उचलून बाजूला सारायला गेलो आणि तसाच थांबलो. अंगठ्यावर ताणून बघितलं. कोपऱ्यावर घडी घालून बघितली. तंतोतंत रेक्झिन. अख्खा बाजार फिरून आलो आणि माल आमच्या जावयांच्या हातावर. त्यांनी चिमट्यात धरून हिशोब केला आणि म्हणाले, किंचित जाड आहे, पण चालेल. त्यांचा हिशोब पहिल्यांदाच माझ्या बाजूने लागला.

मग कामाला रंग चढला. फोम म्हणून बायकोचा पावडर लावायचा पफ घेतला. विचारून घेतला असं म्हणता येणार नाही. खाली काथ्या हवाच, म्हणून दारातल्या पायपुसण्याचे आठ-दहा धागे उपटले. जावई म्हणाले, बाबा, फोमच्या खाली काय आहे ते कोणाला दिसणार? मी म्हटलं, खऱ्या गाडीत तरी कुठे दिसत होतं? त्यावर त्यांनी चिमटा उचलला आणि एकेक धागा मुकाट्याने अंथरला. त्या दिवसापासून हा माणूस मला मनापासून आवडायला लागला. लग्नाला सहा वर्षं झाली होती, पण ठीक आहे.

टाके घालणं शक्यच नव्हतं. जावयांनी मेण कोरायच्या हत्याराची पाठ किंचित गरम करून मोज्यावर रेघा दाबल्या, रेघांच्या मध्ये फुगीर पट्ट्या उठल्या. सात. हळूरावाच्या सीटला सातच होत्या, मी ठासून सांगितलं. रंग डाळिंबी दिला. गोटासाठी मोतिया रेशमाची एक तार सोडवून, दात कोरायच्या काडीने डिंक लावत कडेने बसवली. तिला अडीच तास लागले आणि त्या अडीच तासांत घरात कोणाला शिंकायची परवानगी नव्हती. खालच्या गालिच्यासाठी लोकर कातरून तिची भुकटी केली आणि डिंकावर चहाच्या गाळण्यातून चाळली. सोमवारी सकाळी माझ्या चहावर डाळिंबी तूस तरंगत होतं. मी मुकाट्याने प्यालो आणि चहा छान झालाय म्हणालो. इतक्या वर्षांत मी चहाला छान म्हटलं नव्हतं, त्यामुळे बायको ताबडतोब गाळणं बघायला गेली.

सातव्या रविवारी गाडी जुळवायला घेतली. जावयांनी सीटा आत ठेवल्या, स्टिअरिंग लावलं आणि वरून छप्पर बसवलं. छप्पर बसलं नाही. त्यांनी काढून पुन्हा बसवलं. पुन्हा वर आलं. मग त्यांनी चिमटा काढला, आधी ती काळी साबणाची डबी मोजली, मग माझी सीट मोजली, मग पुन्हा डबी मोजली. त्यांचा चेहरा उतरला, कारण आता मला सांगायचं काम त्यांच्यावर आलं होतं. म्हणाले, बाबा, सीट उंच झालीये.

मी म्हटलं, बसेल.

त्यांनी माझ्या लेकीकडे बघितलं. ती खिडकीबाहेर बघायला लागली. मग मी त्यांना सगळं शास्त्र समजावून सांगितलं, फोम कसा दबतो, काथ्या कसा दबतो, आणि मी दोन बोटांचाही अगदी चोविसावा हिस्सा काढून तेवढाच जास्त भरलाय, हवं तर मोजा. छाती फुगवून सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"पण बाबा," ते हळूच म्हणाले, "यात बसणार कोण?"

मी त्या एवढ्याशा सीटकडे बघत राहिलो. यात कोणी बसणार नव्हतं. आज नाही, सहा महिन्यांनी नाही, कधीच नाही. माझ्या हातांनी मला न विचारताच दोन बोटं वर ठेवली होती. मला माझंच हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं, कशाचं ते नीट सांगता येणार नाही.

जावई म्हणाले, थोडा फोम काढून टाकू. मी साफ नाही म्हटलं. एक तर मोजा फाटला असता. आणि दुसरं, हळूरावाला आयुष्यात पहिल्यांदा मापातली सीट द्यायची, तीही आता? ते मला जमणार नव्हतं. वाद वाढला. म्हणजे मी वाढवला, जावई नुसते चिमटा उघडमीट करत होते. बायको पलीकडे मटार सोलत बसली होती. ती म्हणाली, एवढं डोकं काय चालवताय, बसवा की कोणालातरी. आणि तिने दोन मटार टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

जावयांचे डोळे लकाकले. जबड्याचे साचे करणाऱ्याला आणखी काय सांगावं लागतं. मग चर्चा सुरू झाली की हळूरावाचं बूड नेमकं कसं होतं. रुंदी किती, उतार कुठे. मी म्हटलं, दाराकडची बाजू जड. बायको म्हणाली, नुसती जड नाही, त्या खिशात पाकीट असायचं, तिथे चौकोनी टेंगूळ करा. मी तिच्याकडे बघितलं आणि विचारलं की एवढं बारकाईने तू कधी पाहिलंस? ती म्हणाली, तीस वर्षं तो माणूस आपल्या दुकानाच्या पायरीवर पाठमोरा बसून चहा पीत होता, मी काय डोळे मिटून कप आणून द्यायचे? जावई खाली मान घालून टिपून घेत होते.

कवळीच्या हिरड्या ज्या गुलाबी मसाल्याच्या करतात, त्याच मसाल्याचं त्यांनी मटाराएवढं बूड घडवलं, पाकिटासकट. ते सीटवर ठेवून वरून पकडीने आवळलं आणि आठ दिवस कामाच्या जागी फळीवर ठेवून दिलं, कवळ्यांच्या रांगेत. त्यांच्या मालकांनी विचारलं, हे कोणत्या पेशंटचं? जावई खोटं बोलत नाहीत. म्हणाले, एका टॅक्सीवाल्याचं आहे. मालकांनी पुढे काही विचारलं नाही.

नवव्या दिवशी पकड सोडली. सीट दबली होती, दाराकडे देखणा खळगा पडला होता, आणि छप्पर टिचकन बसलं. मी जावईबापू म्हणायचं विसरून शाबास लेका म्हटलं आणि त्यांच्या पाठीत गुद्दा घातला. लेक सांगते, ते घरी जाईपर्यंत एकटेच हसत होते.

मी हळूरावाच्या लेकीला फोन केला. ती म्हणाली, शनिवारी दुपारी या काका, त्या दिवशी मी त्यांना झोपू देत नाही. जावयांनी गाडी काढली. मी डबा मांडीवर धरून बसलो आणि काय बोलायचं ते मनात घोकत राहिलो. मोठं भाषण होतं. पायरीपासून सुरू व्हायचं आणि तीस वर्षांवर संपायचं.

हळूरावाच्या दारात जावयांनी एकदा तपासावं म्हणून डबा उघडला. छप्पर सुटून बाजूला पडलं होतं. सीट फुगून वर आली होती. हलका फोम असता तर एकदा दबला की दबला. पण बायकोचा पफ चांगल्यातला, पायपुसणं नवं, त्यामुळे सगळा माल ताठ मानेने पुन्हा उभा राहिला. जावयांनी छप्पर दाबलं, ते पुन्हा उडालं. मी म्हटलं, चला परत. तेवढ्यात त्याच्या लेकीने दार उघडलं.

हळूराव खिडकीशी खुर्चीत बसला होता, तोंड आमच्याकडे नव्हतं. म्हणजे बघतही असेल. वाळला होता. लेक म्हणाली, टाचणीकाका आलेत. तो हलला नाही. माझं भाषण कुठल्या कुठे गेलं. मी ती बिनछपराची गाडी त्याच्या समोरच्या टेबलावर ठेवली आणि त्याचा हात धरायला गेलो. त्याने हात झटकला.

"गाडी आणलीये," मी म्हटलं. "तुझीच आहे."

जावई दारातच उभे होते, छप्पर हातात. मग हळूरावाचा हात आपणहून पुढे आला. बोटं गाडीच्या नाकावरून गेली, दिव्यांवरून गेली, डाव्या मडगार्डवरच्या पोच्यापाशी थांबली. तो पोचा मी सांगून पाडून घेतला होता. मग करंगळी आत गेली. स्टिअरिंगला लागली. तिथून खाली सीटवर. नखाने त्याने पट्ट्या मोजल्या, ओठ हलत होते, सात. गोटावरून बोट फिरवलं. दाराकडच्या बाजूला आला आणि तिथे बोटाचं टोक दाबलं. उचललं. पुन्हा दाबलं.

"उंच झालीये," हळूराव म्हणाला.

चौदा महिन्यांनी त्याने माझ्याशी काढलेला हा पहिला शब्द. तोंडात एक टाचणी नव्हती, तरी बोलता येईना.

"बसेल," मी कसंबसं म्हटलं.

"डोकं लागतंय छताला."

"छप्पर नाहीच आहे."

त्याने हात वर नेऊन चाचपलं. खरंच नव्हतं. कुठे गेलं म्हणून विचारलं, तर मी म्हटलं, तुझ्या डोक्याने उडालं. त्याच्या मिशीचं एक टोक हललं. पण लगेच तो गंभीर झाला आणि त्याने तोंड बाजूला वळवलं. या खेपेला तो मला बघत होता, ते मला कळलं.

"मी तुझ्या समोर उभा होतो," तो म्हणाला. "हा चॉकलेटी आहे गाढवा, एवढं तोंडावर म्हणायचं होतंस. जन्मभर तोंड चालवलंस आणि त्या दिवशी नेमका गप्प बसलास. तिला फोन केलास."

"चुकलो. भ्यालो मी."

"कशाला?"

"तू रडशील म्हणून."

"रडलो असतो," हळूराव म्हणाला. "मग तू दोन शिव्या दिल्या असत्यास. मग चहा प्यालो असतो आणि मीच किल्ल्या तुझ्या हातात ठेवल्या असत्या."

मी त्याच्या शेजारी बसलो आणि रडलो, जावयासमोर, लाज न बाळगता. हळूरावाने मला दोन शिव्या दिल्या. लेकीने चहा आणला.

याला आता आठ महिने होतील. दर शनिवारी मी त्याच्याकडे जातो, आणि मधल्या दिवसांत त्याची लेक त्याला चारच्या सुमाराला दुकानात आणून सोडते. माझ्या नव्या स्टुलाला तो लाथ मारून बघतो, मग बसतो. गाडी त्याच्या टेबलावर असते. गप्पा मारताना त्याचं एक बोट सारखं सीटवर असतं. शनिवारी मी आत पाऊल टाकलं की पहिलं वाक्य तेच, अजून उंच आहे. माझं उत्तर तेच.

परवाच्या शनिवारी जावई बरोबर आले होते. बिचारे आठ महिने ते छप्पर कापसात गुंडाळून खिशात घेऊन फिरतायत. आपल्या हातची गाडी बिनछपराची राहिली याची त्यांना रुखरुख आहे. हळूराव हात धुवायला आत गेला, तेवढ्यात त्यांनी सहज म्हणून छप्पर वर ठेवलं. टिचकन बसलं. त्यांना इतका आनंद झाला की ते हाक मारणारच होते. मी त्यांचा हात दाबला, छप्पर काढलं आणि माझ्या खिशात टाकलं. ते माझ्याकडे बघतच राहिले. दात करणाऱ्याला सीटांमधलं सगळंच कळावं अशी माझी अपेक्षा नाही.

हळूराव भिंत चाचपत आला, खुर्चीत बसला आणि त्याने करंगळी आत घातली. दाराकडच्या बाजूला आता खळगा आहे, त्याच्याच बोटाचा, आठ महिन्यांचा. ज्या बोटाने नखभर जागेतल्या सात पट्ट्या मोजल्या, त्या बोटाला ते कळलं नसेल हे मला कोणी सांगू नये. त्याने दाबलं. बोट तिथेच ठेवलं. तोंड बाजूला वळवून माझ्याकडे बघितलं.

"उंचच आहे अजून," तो म्हणाला.

"बसेल," मी म्हटलं, आणि खिशातल्या छपरावर हात ठेवून चहाची वाट बघत बसलो.